हरकाम्याचा भाव

बेसबॉलच्या मैदानावर क्षेत्ररक्षणाच्या नऊ जागा असतात आणि प्रत्येक जागेला एक मालक असतो. यांतल्या एकाही जागेचा मालक नसलेला, पण मालक गैरहजर असला की पाच-सहा जागांवर उभा राहू शकणारा जो खेळाडू, त्याला अमेरिकेत युटिलिटी प्लेयर म्हणतात. मराठीत त्याच्यासाठी हरकाम्या हा शब्द तयारच आहे. सोमवारी तो सेकंड बेसवर दिसतो, मंगळवारी लेफ्ट फील्डमध्ये, बुधवारी बाकावर, आणि गुरुवारी थर्ड बेसवर दिसायचा तो सामनाच नसल्यामुळे राहून जातो.

हरकाम्या ओळखायची पहिली खूण म्हणजे त्याचं सामान. इतरांकडे एक हातमोजा असतो, फार तर एक राखीव. याच्याकडे इनफील्डसाठी आखूड, आउटफील्डसाठी लांब बोटांचा, फर्स्ट बेससाठी पसरट आणि कॅचर जायबंदी झालाच तर असू द्यावा म्हणून एक जाडजूड, असा सगळा संसार असतो. दुसरी खूण म्हणजे तो जवळजवळ नेहमी उजव्या हाताने चेंडू फेकतो. सेकंड बेस, शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेस या जागांवरून फर्स्ट बेसकडे चेंडू फेकताना डावखुऱ्याला अख्खं अंग वळवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात पळणारा पोचून पँटची धूळ झटकत असतो. त्यामुळे डावखुऱ्या खेळाडूला हरकाम्या होण्याची सहसा सोयच नसते. त्याला एखादं काम नीट शिकावं लागतं.

तिसरी खूण दिसत नाही, चौकशी केल्यावर कळते. हरकाम्या बहुधा जुना शॉर्टस्टॉप असतो. शाळेच्या संघातला सगळ्यांत चपळ मुलगा शॉर्टस्टॉपवर उभा राहतो. असे शाळाशाळांतले सगळ्यांत चपळ मुलगे व्यावसायिक संघात गोळा झाले की तिथे जागा एकच असल्याचं लक्षात येतं. आकडेशास्त्री बिल जेम्स याने क्षेत्ररक्षणाच्या जागांची अवघडपणानुसार एक उतरंड मांडली होती. तिच्या एका टोकाला शॉर्टस्टॉप, दुसऱ्या टोकाला फर्स्ट बेस आणि त्याही पलीकडे डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे ज्याने क्षेत्ररक्षणाला उतरायचंच नाही असा फलंदाज. अवघड टोकाकडून सोप्या टोकाकडे सरकणं जमतं, उलटं सहसा जमत नाही. शॉर्टस्टॉपवरून ढकलला गेलेला माणूस वाटेत चार ठिकाणी टेकतो आणि कुठेच बसत नाही, तेव्हा हरकाम्या तयार होतो.

अशा खेळाडूबद्दल बेसबॉलचं मत बराच काळ 'एक ना धड, भाराभर चिंध्या' हेच होतं. ते बदललं ते कुणाचं मन मोठं झालं म्हणून नव्हे, तर हिशेब बदलला म्हणून. 2020 पासून मोठ्या लीगमधल्या संघाला 26 खेळाडू ठेवता येतात, त्याआधी 25 ठेवता येत. पूर्वी त्यांत दहा-अकरा पिचर असत. पुढे पिचर लवकर दमू लागले, किंवा ते दमतात हे लवकर कळू लागलं, आणि संख्या वाढत वाढत तेरावर गेली. शेवटी 2022 मध्ये नियमानेच तेरापुढे बंदी घातली. उरले तेरा फलंदाज. त्यांतले आठ क्षेत्ररक्षणाला, एक डेझिग्नेटेड हिटर, राहिले चार. चारांतला एक राखीव कॅचर, आणि त्याला दुसऱ्या कशालाही हात लावू देत नाहीत, कारण पहिला कॅचर दुखावला तर खेळ थांबेल. म्हणजे तीन माणसांत सात जागांची बेगमी करायची, तीही 162 सामन्यांच्या हंगामासाठी. हा हिशेब एकदा मांडला की ज्याला लोक चिंध्या म्हणत होते त्याची गोधडी होते.

मुंबईच्या कापड गिरण्यांत बदली कामगार नावाचा एक वर्ग असे. सकाळी गेटवर यायचं, कोण आलं नाही ते पाहायचं आणि त्याच्या यंत्रावर त्या दिवसापुरतं उभं राहायचं. हरकाम्याची नोकरी नेमकी अशी आहे. फरक एवढाच की याला गेटवर किमान पगार वर्षाला 7 लाख 60 हजार डॉलर मिळतो (हा 2025 चा आकडा), आणि कोण आलं नाही याची बातमी देशभरच्या वर्तमानपत्रांत येते.

सगळ्या जागांवर खेळता येणं ही बेसबॉलमध्ये आधी करामत समजली गेली. एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळण्याचा पराक्रम मोठ्या लीगमध्ये आजवर पाच जणांनी केला आहे. पहिला बर्ट कॅम्पानेरिस, 8 सप्टेंबर 1965 रोजी, कॅन्सस सिटीच्या संघाकडून. हा खरं तर हरकाम्या नव्हताच. तो पक्का शॉर्टस्टॉप होता. पण संघ तळाशी होता, प्रेक्षक फिरकत नव्हते आणि चार्ली फिनली नावाच्या मालकाला जत्रेचा शौक होता. नवव्या डावात कॅम्पानेरिस कॅचर म्हणून उभा असताना एक धिप्पाड धावपटू त्याच्यावर येऊन आदळला आणि पराक्रमाची सांगता दुखापतीने झाली. तीन वर्षांनी मिनेसोटाच्या सीझर टोव्हारने तेच केलं. त्याने सुरुवात थेट पिचर म्हणून केली. समोर पहिला फलंदाज कोण, तर कॅम्पानेरिस. त्याला बाद करून टोव्हारने त्याच डावात रेजी जॅक्सनलाही स्ट्राइकआउट केलं. पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्या माणसाला एका हरकाम्याने एकाच डावाच्या पिचिंगमध्ये परत पाठवलं, ही नोंद जॅक्सनच्या चरित्रात ठळक अक्षरांत असायची काही गरज नाही. त्यानंतर 2000 मध्ये स्कॉट शेल्डन आणि शेन हॉल्टर यांनी एक महिनाही मध्ये जाऊ न देता हेच केलं. 2017 मध्ये अँड्र्यू रोमाइनने केलं. हे पाचही सामने सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी झाले, म्हणजे हंगामाच्या अगदी शेवटी. त्या सुमारास तळाच्या संघांच्या व्यवस्थापकांना कुणी काही विचारत नाही.

जत्रेबाहेर, रोजच्या कामात हरकाम्याची किंमत दाखवली ती सेंट लुइसच्या होसे ओकेंडोने. व्यवस्थापक व्हाइटी हर्झॉगने त्याला 1988 च्या हंगामात नऊही जागांवर खेळवलं. 14 मे रोजी अटलांटाविरुद्धचा सामना संपता संपेना, तेव्हा पिचरांचा साठा संपल्यावर ओकेंडोला पिचिंगला लावलं. त्याने चार डाव टाकले, एकोणिसाव्या डावात सामना गेला आणि पराभूत पिचर म्हणून अधिकृत नोंद ओकेंडोच्या नावावर झाली. ज्याचं ते कामच नव्हतं त्याच्या नावावर अपयश जमा करण्याची ही पद्धत फक्त गिरण्या आणि सरकारी कचेऱ्यांतच आहे असं नाही.

या जमातीचा सर्वांत प्रसिद्ध पूर्वज मात्र खेळामुळे प्रसिद्ध नाही. फिल लिंझ हा 1964 साली न्यूयॉर्क यांकीजचा हरकाम्या इनफील्डर. शिकागोत लागोपाठ सामने हरून संघ बसमध्ये बसला असताना तो नव्याने घेतलेला माउथऑर्गन वाजवायला शिकत होता. व्यवस्थापक योगी बेराने बंद कर म्हणून सांगितलं, त्याने केलं नाही, बाचाबाची झाली आणि 200 डॉलर दंड बसला. बातमी छापून आल्यावर माउथऑर्गन बनवणाऱ्या कंपनीने लिंझला जाहिरातीसाठी दंडाच्या कितीतरी पट पैसे दिले. यांकीजनीही त्यानंतर सामने जिंकत लीगचं विजेतेपद मिळवलं. हरकाम्याला एक जादा कौशल्य असावं हे तत्त्व त्या वर्षी सिद्ध झालं, पण ते कौशल्य कोणतं असावं हे संघटनेने कधी लेखी दिलं नाही.

आजच्या अर्थाने हरकाम्याला प्रतिष्ठा मिळवून दिली बेन झोब्रिस्टने. टँपा बे संघाचा हा खेळाडू 2009 मध्ये 28 वर्षांचा झाला तोवर त्याला कुणी फारसं ओळखत नव्हतं. त्या वर्षी व्यवस्थापक जो मॅडनने त्याला पिचर आणि कॅचर सोडून सगळीकडे फिरवलं. या फिरतीत झोब्रिस्टने .297 ची सरासरी राखली, 27 होमरन मारले आणि ऑल-स्टार सामन्यात जागा मिळवली. ज्याला सात जागी उभं करता येतं आणि ज्याला संघाबाहेर ठेवणंही परवडत नाही असा माणूस निघाल्यावर अमेरिकेतल्या सगळ्या संघांच्या कचेऱ्यांत एकच वाक्य घुमू लागलं: आपला झोब्रिस्ट कुठे आहे?

हाच प्रश्न लाखो सामान्य माणसांनाही पडू लागला होता, आणि त्यांच्या मालकीचा तर एकही संघ नव्हता. त्यांचे संघ कागदावर होते.

फँटसी बेसबॉलचा आजचा प्रकार डॅनिएल ओक्रेंट या लेखक-संपादकाने सुरू केला. ज्या फ्रेंच उपाहारगृहात त्याची मित्रमंडळी जेवायला जमत त्याच्यावरून या खेळाला रोटिसरी हे नाव पडलं आणि 1980 मध्ये पहिला हंगाम खेळला गेला. प्रत्येकाने 260 डॉलरच्या अंदाजपत्रकात, लिलावात बोली लावून 23 खरे खेळाडू घ्यायचे. मग हे खेळाडू खऱ्या सामन्यांत जे करतील त्याचे आकडे आपल्या खात्यात जमा होतात. फलंदाजांचे सुरुवातीला चारच आकडे धरत: सरासरी, होमरन, फटक्यावर घरी आणलेल्या धावा आणि चोरलेले बेस. पुढे स्वतः काढलेल्या धावाही आल्या. ओक्रेंटला या शोधातून संपत्ती मिळाली नाही आणि स्वतःची लीग जिंकणंही त्याला दीर्घकाळ जमलं नाही. त्याला प्रसिद्धी मात्र भरपूर मिळाली. आपण जगाच्या उत्पादकतेचं काय केलं याची टोचणी त्याच्या वाट्याला किती आली हे त्याचं त्याला ठाऊक.

कागदी संघातही जागांची अट असते. कॅचरच्या जागी कॅचर, शॉर्टस्टॉपच्या जागी शॉर्टस्टॉप. म्हणून इथे खेळाडूचा भाव त्याच्या आकड्यांवरच ठरत नाही, ते आकडे कोणत्या जागेवरून आले यावर ठरतो. वीस होमरन मारणारा आउटफील्डर बाजारात हवा तेवढा मिळतो. वीस होमरन मारणारा कॅचर मिळणं अवघड, कारण कॅचर होणाऱ्याचे गुडघे आणि बोटं दुसऱ्याच कामात झिजतात. जाणकार मंडळी प्रत्येक जागेवर फुकट मिळू शकेल असा सगळ्यांत सामान्य खेळाडू कोण ते आधी पाहतात आणि त्याच्याहून आपला माणूस किती वर आहे तेवढ्याचेच पैसे मोजतात. हिशेब कडक आहे. नातेवाइकांना लावून पाहू नये.

आता हरकाम्याकडे या. त्याच्या नावापुढे एक जागा लिहिलेली नसते, तीन-चार असतात. कोणती जागा कुणाला लागू होते याचे नियम आहेत. जुन्या रोटिसरी पद्धतीत गेल्या हंगामात 20 सामने त्या जागेवर खेळलेले असावे लागतात. याहूच्या खेळात चालू हंगामात पाच वेळा त्या जागेवर सुरुवात केली किंवा एकूण दहा सामन्यांत तिथे उभा राहिला तरी चालतं. त्यामुळे एरवी कुणी ढुंकून पाहणार नाही अशा घटनांना महत्त्व येतं. संघ अकरा धावांनी मागे आहे, प्रेक्षक गाड्या काढायला गेले आहेत आणि आठव्या डावात व्यवस्थापक एका हरकाम्याला शॉर्टस्टॉपवर धाडतो. त्या क्षणी क्लीव्हलंडपासून सिएटलपर्यंत काही घरांत माणसं उठून उभी राहतात. हा दहावा सामना होता! चेंडू त्याच्याकडे आला का, त्याने तो सोडला का, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. माणूस तिथे उभा होता, पावती फाटली.

हा नियम खरा खेळ आणि कागदी खेळ यांच्यात किती अंतर पाडतो ते डॉल्टन वार्शोच्या उदाहरणावरून कळतं. वार्शो ॲरिझोनाकडे असताना कॅचर आणि आउटफील्डर दोन्ही होता. 2022 मध्ये त्याने 27 होमरन मारले आणि 16 बेस चोरले. कॅचरच्या यादीत असे आकडे क्वचितच सापडतात. कारण उघड आहे: बेस चोरणारे सहसा कॅचर नसतात, कॅचर चोर पकडतात. हंगाम संपल्यावर टोरोंटोने त्याला घेतलं ते केवळ आउटफील्डर म्हणून, आणि 2023 मध्ये त्याने कॅचरचा मुखवटा चढवलाच नाही. तरी त्या वर्षभर कागदी बाजारात तो कॅचर होता, कारण आदल्या वर्षीचे सामने धरले जात होते. 2024 मध्ये ती सवलत संपली, भाव कोसळला आणि त्याच वर्षी सेंटर फील्डमधल्या क्षेत्ररक्षणासाठी त्याला गोल्ड ग्लव्ह मिळाला. माणूस आपल्या कामात सर्वोत्तम ठरला त्या वर्षी कागदावर त्याला कुणी विचारेना, कारण न केलेल्या कामाचं प्रमाणपत्र त्याच्याकडे उरलं नव्हतं.

हरकाम्याचं कागदी मोल मुख्यतः इतरांच्या दुर्दैवातून येतं. हंगाम सहा महिन्यांचा असतो. कुणाची मांडी आखडते, कुणाचं बोट मोडतं, कुणाला मूल होतं (बाळंतपणाची तीन दिवसांची रजा मिळते), आणि सोमवार-गुरुवारी अनेक संघांना सुट्टी असते. अशा वेळी ज्याच्याकडे हरकाम्या आहे तो त्याला सेकंड बेसवरून उचलून आउटफील्डमध्ये ठेवतो आणि खड्डा बुजतो. पाच राखीव खेळाडूंचं काम एक करतो, म्हणजे बाकीच्या चार जागांवर उमेदीचे पोरगे सांभाळता येतात. एवढं सगळं धरून अनुभवी बोलीदार हरकाम्यासाठी एखाद-दोन डॉलर जास्त मोजतो. त्याहून जास्त मोजणारा नवखा असतो. कारण चार जागांवर बसवता आला तरी एका दिवशी तो एकाच जागेवर बसतो, आणि .240 ची सरासरी चारही जागांवर .240 च राहते.

दुसरा धोका वेळेचा. रोज खेळणाऱ्या फलंदाजाला हंगामात सहाशेच्या आसपास वेळा फलंदाजी मिळते. नुसत्या हरकाम्याला त्याच्या निम्मी-पाऊणपट. धावा, होमरन, बेसचोरी हे सगळे मोजणीचे आकडे आहेत. बाकावर बसून ते वाढत नाहीत. म्हणून कागदी मालकाला हवा असतो तो रोज खेळणारा पण रोज वेगळीकडे खेळणारा. असे खेळाडू फार थोडे. उरलेल्यांसाठी रोज दुपारी संघाची फलंदाजीची यादी जाहीर होण्याची वाट पाहायची. अमेरिकेतल्या मराठी घरांतूनही हा उद्योग चालत असेल तर नवल नाही. भारतातून गेलेल्या माणसाला यादीत नाव लागलं का ते पाहण्याची सवय दहावीपासूनच असते.

आपल्याकडच्या फँटसी क्रिकेटने हा घोळ टाळला. मुंबईत हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी 2008 मध्ये सुरू केलेल्या ड्रीम11 मध्ये फलंदाज, गोलंदाज, अष्टपैलू, यष्टिरक्षक असे कप्पे होते आणि खेळाडूला एका वेळी एकच कप्पा. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्याने बंदी आली, आणि तो कप्पाही मग फुकटच वाटावा लागला.

कागदी हिशेबात जे बसत नाही ते मात्र हरकाम्याचं खरं भांडवल असतं. झोब्रिस्ट चेंडू सोडून देण्यात पटाईत होता. पिचरला कंटाळा आणून चालत फर्स्ट बेसवर जायचा. खऱ्या संघाला त्याने धावा मिळतात, पण रोटिसरीच्या पाच रकान्यांत चालत जाण्याला रकानाच नाही. सात जागांवरचं चांगलं क्षेत्ररक्षण तर कुठेच मोजलं जात नाही. 2009 मध्ये सर्वंकष मूल्यमापनाच्या आकड्यांत झोब्रिस्ट अमेरिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये गणला गेला. कागदी बाजारात तो चांगला, सोयीचा, परवडणारा खेळाडू होता. म्हणजे मोलकरणीचं कौतुक करताना वापरतात तीच विशेषणं.

याच्या उलट शोन फिगिन्स. लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघाचा हा ठेंगणा खेळाडू इनफील्ड-आउटफील्डमध्ये कुठेही उभा राहायचा आणि 2005 मध्ये त्याने 62 बेस चोरले, त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त. चोरी हा दुर्मीळ आकडा, वर तीन-चार जागांचं प्रमाणपत्र, त्यामुळे फँटसीवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. वर्षात आठच होमरन मारले याची कुणी तक्रार केली नाही. 2009 चा हंगाम संपल्यावर सिएटलने त्याला चार वर्षांचे 3 कोटी 60 लाख डॉलर दिले आणि पहिल्याच वर्षी सेकंड बेसवर नेमलं. म्हणजे हरकाम्याला कायमचा हुद्दा मिळाला. सरासरी .259 वर आली, मग .188, मग .181. करार संपायला एक वर्ष असतानाच पैसे देऊन त्याला घरी पाठवलं.

इथून हरकाम्याच्या भवितव्याचा प्रश्न सुरू होतो. बेसबॉलमधली पगाराची शिडी ठरलेली आहे. पहिली तीन वर्षं साधारण किमान पगार, पुढची तीन लवादाच्या छायेत, सहा वर्षं सेवा पूर्ण झाली की मोकळा बाजार. पण सेवा मोजतात ती मोठ्या संघात काढलेल्या दिवसांनी, आणि हरकाम्याला सुरुवातीच्या वर्षांत खालच्या लीगमध्ये पाठवून परत बोलावण्याची मुभा संघाला असते. हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा पाठवू नये, असा नियम 2022 मध्ये करावा लागला, यावरून आधी काय चालत असेल त्याची कल्पना यावी. परिणामी तो मोकळा होतो तेव्हा तिशी ओलांडलेली असते. झोब्रिस्टच्या हाती मोठा करार आला तेव्हा तो 34 वर्षांचा होता. शिकागो कब्जने चार वर्षांचे 5 कोटी 60 लाख डॉलर दिले आणि त्याने पहिल्याच वर्षी ते फेडले. 2016 च्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात दहाव्या डावात त्याच्या फटक्याने कब्ज पुढे गेले, 1908 नंतरचं पहिलं विजेतेपद आलं आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू झोब्रिस्ट ठरला. तोवर तो बहुतांशी एका जागी खेळू लागला होता, ही गोष्ट मात्र त्याच्या चाहत्यांना सांगू नये.

असे शेवट सगळ्यांचे होत नाहीत. ह्यूस्टनच्या मार्विन गोन्झालेसने 2017 मध्ये .303 ची सरासरी, 23 होमरन आणि 90 धावा आणल्या. त्या वर्षी संघ कचऱ्याचे डबे बडवून प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा फलंदाजाला कळवत होता हे मागाहून उघडकीला आलं, आणि गोन्झालेसने माफीही मागितली. तोवर मिनेसोटाने त्याला दोन वर्षांचे 2 कोटी 10 लाख डॉलर देऊन टाकले होते. पुढे तो जपानमध्ये खेळला. डॉजर्सचा ख्रिस टेलर 2017 मध्ये लीगच्या अंतिम फेरीचा सहसर्वोत्तम खेळाडू होता, 2021 नंतर त्याला चार वर्षांचे 6 कोटी मिळाले आणि 2025 च्या मे महिन्यात करार चालू असतानाच संघाने त्याला मोकळं केलं. कारण साधं आहे. हरकाम्याचं सगळं भांडवल पायांत असतं. पाय मंदावले की शॉर्टस्टॉप जातो, मग सेंटर फील्ड, मग सेकंड बेस. उरते लेफ्ट फील्ड, आणि तिथे 30 होमरन मारणारे आधीच रांगेत असतात. गरज सरली की वैद्य मरतो. फक्त इथे त्याचं बिल आधी चुकतं केलेलं असतं.

तरीही डॉजर्सनी धडा घेतला नाही, किंवा बरोबर तोच घेतला. 2024 मध्ये त्यांनी सेंट लुइसकडून टॉमी एडमन आणला. त्याने लीगच्या अंतिम फेरीत सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि त्याला पाच वर्षांचे 7 कोटी 40 लाख मिळाले. याच संघातला मुकी बेट्स राइट फील्ड सोडून सेकंड बेसवर आणि पुढे शॉर्टस्टॉपवर गेला, पण त्याला कुणी हरकाम्या म्हटलं नाही. बारा वर्षांचे 36 कोटी 50 लाख घेणाऱ्या माणसाने जागा बदलली की तिला त्याग म्हणतात.

मानसन्मानाचा विषय थोडक्यात आटोपतो. 2010 च्या ऑल-स्टार संघात अटलांटाच्या ओमार इन्फांटेला हरकाम्या म्हणून घेतलं, तेव्हा देशभर आरडाओरडा झाला, कारण जोई व्होटो बाहेर राहिला होता. व्होटो चाहत्यांच्या मतांवर शेवटी आत आला आणि त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. इन्फांटेचा यात दोष काय होता ते कुणी सांगितलं नाही. गोल्ड ग्लव्ह पुरस्कार 1957 पासून दिला जातो. त्यात हरकाम्यासाठी वेगळी जागा व्हायला 2022 उजाडावं लागलं. डी. जे. लमेह्यू आणि ब्रेंडन डोनोव्हन हे तिचे पहिले मानकरी. हॉल ऑफ फेमच्या मतपत्रिकेवर झोब्रिस्टचं नाव आलं ते 2025 साठी. पाच टक्के मतं न मिळाल्याने ते पहिल्याच वर्षी गळालं. त्याचे मतदार बहुधा वेगवेगळ्या रकान्यांत विखुरले गेले.

निवृत्तीनंतर मात्र हरकाम्याचं नशीब फळफळतं. मोठ्या लीगमध्ये 43 दिवस काढले की निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, एवढी माफक सोय सगळ्यांनाच आहे. खरी संधी व्यवस्थापकाच्या खुर्चीत असते. अर्धं आयुष्य बाकावर बसून, आपल्याला कुणाच्या जागी आणि कधी पाठवतील याचा अंदाज बांधण्यात गेल्यामुळे डावपेच आपोआप पाठ होतात. टोनी ला रुसा इनफील्डर म्हणून .199 ची सरासरी घेऊन थांबला आणि व्यवस्थापक म्हणून तीन वर्ल्ड सीरिज जिंकून हॉल ऑफ फेममध्ये गेला. ॲलेक्स कोरा राखीव इनफील्डर होता. बॉस्टनचा व्यवस्थापक म्हणून पहिल्याच वर्षी, 2018 मध्ये त्याने विजेतेपद मिळवलं. सेकंड, थर्ड आणि शॉर्टस्टॉपवर फिरलेला क्रेग काउन्सेल शिकागो कब्जचा व्यवस्थापक झाला तो पाच वर्षांच्या 4 कोटी डॉलरवर, आणि व्यवस्थापकासाठी तो तेव्हाचा उच्चांक होता.

आठ संघांचं पाणी प्यालेला आणि पिचर-कॅचर वगळता जवळपास सगळीकडे उभा राहिलेला मार्क डीरोझा आधी दूरदर्शनवर बेसबॉल समजावून सांगू लागला. 2023 च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये तो अमेरिकेच्या संघाचा व्यवस्थापक होता. माइक ट्राउट आणि मुकी बेट्स यांच्यासारखे एकापेक्षा एक तारे त्या संघात होते. आणि सेकंड बेसवर, आउटफील्डमध्ये, जिथे लागेल तिथे घालायला म्हणून न्यूयॉर्क मेट्सचा जेफ मॅकनीलही होता. तो आदल्या वर्षी आपल्या लीगमध्ये सरासरीत पहिला आला होता.